लुजैनचा घसा

शम्म-अन-नसीमच्या दिवशी टीव्हीवाल्या माणसाला जेवायला बोलवायचं, ही कल्पना ममदूहची. त्या घरातल्या बहुतेक आचरट कल्पना त्याच्याच असत आणि त्या पार पाडायची कामं बायकांची. वसंताच्या या सणाला अख्खं अलेक्झांड्रिया खारवून मुरवलेला फसीख मासा खातं, त्यावर कच्चा हिरवा कांदा कचाकचा चावतं, आणि मग संध्याकाळपर्यंत कोणी कोणाच्या तोंडाजवळ तोंड नेत नाही. नेमक्या अशा दिवशी ममदूहच्या नातीचं, दहा वर्षांच्या लुजैनचं, गाणं ऐकायला ‘चिमणे बुलबुल’ या कार्यक्रमाचा माणूस येणार होता. म्हणून रुश्दीतल्या त्या समुद्रासमोरच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, कोपऱ्यात लोबान धुमसत होता, आणि तरीही जिन्यात पाऊल टाकताच इन्शिराहला कळलं, की मासा उघडलाय.

तिच्या हातात रंगवलेल्या अंड्यांची टोपली होती. तिच्या शिकवणीच्या पोरांनी रंगवलेली. एकावर कोणीतरी अब्लाचं चित्र काढलं होतं. केसांच्या जागी काळं वादळ आणि मोठ्ठं उघडं तोंड. कॅम्प सीझरच्या तिच्या घरात, पुढच्या खोलीत, ती तीस-एक वर्षं लहान मुलांना गाणं शिकवत होती. मुलं तिला अब्ला म्हणत, तसं तिथे बाईंना म्हणतातच. आणि मोठ्या बहिणीलाही तेच म्हणतात, म्हणून धाकटा भाऊ रऊफही अब्ला म्हणे. ममदूह तिच्याहून मोठा. तो नुसतं इन्शिराह म्हणे, तेही नोकराला हाक मारल्यासारखं.

“आलात का अब्ला!” दार रऊफनेच उघडलं. “या, या. आज आपल्या घराण्याचा उद्धार आहे. दादाने नवा टाय घातलाय. फसीख खायला टाय! मी तर रुमालच बांधून बसलोय.”

“लुजैन कुठाय?”

“स्वयंपाकघरात. तिची आई तिला मध पाजतेय. अर्धी बरणी गेली असेल. गाण्याऐवजी गुणगुण ऐकायला येईल आता, माशीची.”

मध कशाला? इन्शिराहने टोपली त्याच्या हातात कोंबली आणि थेट आत गेली.

लुजैन ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होती. अंगात चमचमत्या टिकल्यांचा लांब पोशाख, ओठांना रंग, आणि या सगळ्यावर गळ्याभोवती लोकरीचा जाड स्कार्फ. समोर बडीशेपेचा वाफाळता काढा. तिने अब्लाला पाहिलं, हसली, आणि बोलली मात्र नाही. हाताने नुसती आपल्या गळ्याकडे खूण केली, मग आईकडे.

“नेर्मीन,” इन्शिराह हळूच म्हणाली, “तू सांगितलं नाहीस.”

नेर्मीन म्हणजे ममदूहची सून. तिचा नवरा कुवेतला, आणि ती सासऱ्याच्या घरात. म्हणजे नवऱ्याचा दरारा नाही आणि सासऱ्यापासून सुटका नाही. ती सुरी हातात घेऊन कांदे सोलत होती, त्यामुळे डोळ्यातलं पाणी कशाचं हे कळायला मार्ग नव्हता.

“सांगणार होते, आत्या. शनिवारीच सांगणार होते. पण सासरे फोनवर होते, सगळ्या मित्रांना आमंत्रणं देत होते. मग काल सांगणार होते, तर त्यांनी हा पोशाख आणला.”

“आणि आज?”

“आज…” तिने सुरी खाली ठेवली. “एकच गाणं, आत्या. तीन-चार मिनिटांचं. डॉक्टर काही तिथे बघायला येणार नाहीत.”

आता हे प्रकरण इथवर कसं आलं, तर त्याला सुरुवात ममदूहच्या घाईपासून होते. लुजैन दोन वर्षं इन्शिराहकडे शिकत होती. एके दिवशी आजोबा शिकवणी बघायला गेले. पाहतात तो नात गालिच्यावर उताणी पडलेली, पोटावर मसुरीची पिशवी, आणि तोंडाने सापासारखा ‘स्स्स’ आवाज. “गाणं कधी आहे?” त्यांनी विचारलं. “आधी श्वास,” इन्शिराह म्हणाली. “पिशवी वर जायला हवी. खांदे नव्हे.” ममदूहला ते इतकं लागलं, की महिन्याभरात त्याने पोरीला स्मूहातल्या मादाम जिलानकडे घातलं. तिथे भिंतभर आरसा होता, माइक होता आणि मसूर अजिबात नव्हती. मादाम पहिल्या दिवसापासून टिपेला गाऊन घेत आणि प्रत्येक ओळीला हात कुठे न्यायचा ते शिकवत. हिवाळा संपेपर्यंत लुजैन थोराड बायकांची विरहगीतं गायला लागली. जिला अजून बुटांची नाडी नीट बांधता येत नव्हती, ती पोर डोळे मिटून ‘तू गेलास आणि माझा उंबरठा सुना झाला’ म्हणून छातीवर हात मारू लागली, आणि पाहुणे रुमाल काढून डोळे पुसू लागले. त्यांना रडताना पाहून ममदूह मादामचा हात चुंबायचा तेवढा बाकी होता.

मग गेल्या गुरुवारी नेर्मीन पोरीला घेऊन इन्शिराहच्या दारात उभी. “जरा बसलाय आवाज. सोमवारपर्यंत मोकळा करून द्या, आत्या. घरी कोणाला सांगू नका.”

इन्शिराहने ऊद हे तंतुवाद्य मांडीवर घेतलं आणि एक सूर वाजवला. लुजैन त्यामागून वर चढू लागली, आणि ज्या जागी तिचा आवाज पूर्वी पाण्यासारखा सरकायचा त्या जागी नुसती हवा आली. सूर नाही, हवा. पोरगी दचकली. पुन्हा चढली. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा इन्शिराहने तिला चढूच दिलं नाही; वाद्य बाजूला ठेवलं आणि चप्पल घातली.

घशाच्या डॉक्टरने नळीतून आत पाहिलं आणि पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी येत होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. “लहान आहेत, बसतील,” तो म्हणाला, “पण उन्हाळा सरेपर्यंत गाणं नाही, ओरडणं नाही, कुजबुजणंही नाही. बोलणं अगदी गरजेपुरतं. ऐकलं नाहीत तर मग मी जबाबदार नाही.” रस्त्यात नेर्मीनने इन्शिराहचा दंड घट्ट धरला होता. “सासऱ्यांना मी सांगते. मला सांगू द्या. तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल, मादामवरचा राग काढताय.” त्यात तथ्य होतं, म्हणून इन्शिराह गप्प बसली होती. आता तिला वाटत होतं, त्या घरात गप्प बसून आजवर कोणाचं भलं झालंय?

“मी टेबलावर सांगणार,” ती म्हणाली.

“आत्या, नको ना! मला इथे राहायचंय.”

“तिला तिच्या घशात राहायचंय.”

लुजैन दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. तिने काढ्याचा पेला उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळा काढा शांतपणे मोरीत ओतला.

*

टेबलाच्या टोकाला दवलत हानम, म्हणजे दवलत बाईसाहेब, बसली होती. या तिघा भावंडांची आई. ऐंशी उलटून गेलेली, कानात मोत्याची कुडी, आणि कानांनी फक्त स्वतःच्या सोयीचं ऐकणारी. तिच्यासमोर फसीखची बशी, लिंबं, कांद्याच्या पातीची जुडी. बाजूला ममदूह, खरोखरच टाय घालून. कस्टममधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी समोरच्याकडे अजूनही तो बॅग उघडायला लावल्यासारखा पाहायचा.

“पाहुणे येईपर्यंत कोणी कांदा खाऊ नका,” त्याने फर्मावलं.

“मग मासा कशाशी खायचा? तुझ्या टायशी?” रऊफने जुडीतली एक पात ओढून घेतली.

“रऊफ, हा माणूस मोठा आहे. त्याच्या एका शब्दावर पोरगी महिन्याभरात सगळ्या देशाच्या घरात जाईल.”

“मला तर वाटलं होतं आपल्या घरात शांतता येईल.”

“ममदूह,” इन्शिराह म्हणाली. ती अजून बसली नव्हती. “लुजैन गाणार नाही. तिच्या घशात गाठी झाल्यात. गुरुवारी आम्ही डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने उन्हाळाभर गाणं बंद सांगितलंय.”

ममदूहचा हात टायच्या गाठीवर गेला.

“आम्ही म्हणजे कोण?” ममदूहने विचारलं.

इन्शिराहने नेर्मीनकडे पाहिलं. नेर्मीन भाकऱ्या मोजल्यासारखं करत होती.

“मी आणि नेर्मीन.”

“नेर्मीन?”

“म्हणजे… गेलो होतो, बाबा,” नेर्मीन म्हणाली. “पण डॉक्टर तसं… म्हणजे त्यांनी जपा म्हणून सांगितलं. गाऊच नका असं काही… मला तरी तसं ऐकल्याचं आठवत नाही.”

इन्शिराहला रागही आला नाही. एखादी भिंत भिजून खचते, तशी ती पोरगी तिच्या डोळ्यांसमोर खचली होती. भिंतीवर काय रागवायचं?

“पाहा!” ममदूह खुर्चीत मागे रेलला. “जपा म्हणाले. आम्ही जपतोच आहोत. मध काय, स्कार्फ काय, कुठे कमी केलंय?”

“दादा, थांब जरा,” रऊफ मध्ये पडला. त्या क्षणी तरी तो खरोखर बहिणीच्या बाजूला होता. “अब्ला गाण्यातलं काही उगीच बोलायची नाही. पोरीचा आवाज मीही ऐकला परवा. दार करकरल्यासारखा येतोय.”

“तुझ्या पोराला, हातेमला, टीव्ही स्टेशनात चिकटवायचं म्हणत होतास ना? कॅमेऱ्याच्या कामाला?” ममदूह शांतपणे म्हणाला. “आज येणारे उस्ताद वजीहच बोलणार होते तिथे.”

रऊफने पात चावली. चावत राहिला. “अर्थात,” तो थोड्या वेळाने म्हणाला, “पोरांचे घसे बसतात आणि उठतातही. थंडी-बिंडी असेल.”

“रऊफ!”

“अब्ला, मी फक्त म्हणतोय, की असेलही.”

“तुझं दुखणं मला ठाऊक आहे, इन्शिराह,” ममदूह म्हणाला. आता त्याचा आवाज मवाळ झाला होता, आणि मवाळ झाला की तो जास्त लागे. “पोरगी तुझ्याकडून उठून मादामकडे गेली, हे तुला सहन झालं नाही. आणि त्याच्याही मागचं सांगू? तू बारा वर्षांची असताना गाणं सोडलंस. बाबा गेले, तू दुःखाने तोंड मिटलंस, आम्ही सगळ्यांनी त्याचा मान राखला. पण स्वतः गायलो नाही म्हणून दुसऱ्या कोणी गाऊ नये, हे काही बरं नाही.”

हीच गोष्ट त्या घरात इतकी वर्षं सांगितली जात होती. पाहुण्यांना, सुनांना, शेजाऱ्यांना. पितृशोकाने मुकी झालेली कोकिळा. ऐकणाऱ्या बायका चुकचुकत, इन्शिराहच्या पाठीवरून हात फिरवत, आणि ती सरबताचे पेले उचलून आत जाई. आज तिने पेले उचलले नाहीत. खुर्ची ओढून बसली.

“बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षीच माझा आवाज गेला होता.”

“काहीतरीच!”

“चुलतबहिणीचं लग्न आठव. आपण अस्यूतहून आलो होतो. बाबांची बदली तिथे झाली होती आणि आई रोज रडायची, धूळ आहे, समुद्र नाही, म्हणून. लग्नाला बाबांच्या खात्याचे बडे साहेब आले होते. मला सकाळपासून ताप होता. तरी मी गायले. एक, मग दुसरं, मग तिसरं. घसा चिरल्यासारखा दुखत होता. मी येऊन आईच्या कानात सांगितलं, आता होत नाही. आई म्हणाली, साहेबांच्या बायकोने अजून एक मागितलंय. आणि तू, दादा, तू खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होतास. अजून एक, अजून एक!”

ममदूहला ते लग्न चांगलंच आठवत होतं. पंधरा वर्षांचा होता तो. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं होतं, ‘हा त्या मुलीचा भाऊ’ म्हणून. लग्नाची ती गोष्ट तो स्वतःच हौसेने सांगत असे. त्या गोष्टीत ताप नव्हता.

“त्या चौथ्या गाण्यात वरच्या सुराला काहीतरी तुटलं. मला आतून कळलं. नंतर कोणी नेलं नाही डॉक्टरकडे.”

सगळे दवलत हानमकडे पाहू लागले. म्हातारी फसीखमधला काटा मन लावून काढत होती. काटा निघाला, बशीच्या कडेला ठेवला, बोटं पुसली.

“आणि बदली झाली की नाही?” ती म्हणाली.

म्हातारीने एकेकाकडे पाहिलं.

“झाली ना? महिन्याभरात झाली. त्या एका गाण्यावर आपण अलेक्झांड्रियात परत आलो. नाहीतर तुम्ही तिघं अस्यूतच्या धुळीत वाढला असता, आणि हा ममदूह कस्टममध्ये नाही, ऊस गाळत बसला असता. घसा सगळ्यांचाच बसतो कधी ना कधी. समुद्र काही सगळ्यांना मिळत नाही.” तिने पात उचलली. “आता पाहुणे येईपर्यंत मला कांदा खाऊ द्याल का?”

इन्शिराहला हसू आलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, आईच्या मनात कुठेतरी टोचत असेल, म्हातारी एखाद्या दिवशी हात धरून काही बोलेल. तिच्या मनात काही नव्हतंच. सौदा चोख झाला होता, एवढंच तिला आठवत होतं.

बाहेर घंटी वाजली.

*

उस्ताद वजीह गोल, घामट आणि मनाने वाईट नसलेला माणूस होता. आत येताच त्याने नाक वर करून वास घेतला, आणि ममदूहने लोबान घाईघाईने त्याच्याजवळ सरकवला.

“फसीख!” उस्ताद ओरडला. “माझी बायको घरात आणू देत नाही हो!” आणि बसताक्षणी त्याने बाह्या सारल्या. लोबान, लिंबं, टाय, सगळं फुकट गेलं. अर्ध्या तासात त्याने दोन मासे आणि कांद्याची अख्खी जुडी संपवली, दवलत हानमचे हात चुंबले, रऊफच्या हातेमची चौकशी केली आणि मग पोटावर हात ठेवून म्हणाला, “आता आमच्या बुलबुलला ऐकू या.”

लुजैन उठून खोलीच्या मध्यावर उभी राहिली. नेर्मीनने तिचा स्कार्फ काढला, आणि तो हातात घेऊन ती भिंतीला टेकली. ममदूहने फोन उभा धरला, चित्र घ्यायला.

“थोरल्यांचा मान आधी,” इन्शिराह उठत म्हणाली. “उस्ताद, मी या मुलीची पहिली शिक्षिका. तिच्या आधी मी गाते.”

“तू?” ममदूह, रऊफ आणि दवलत हानम, तिघांच्याही तोंडून एकदम निघालं. लहानपणानंतर या घरातल्या कोणी तिला गाताना ऐकलं नव्हतं. शिकवणीतही ती सूर ऊदवर वाजवून दाखवी, वरचा चढ एखाद्या मोठ्या मुलीकडून म्हणवून घेई.

“वा वा! जरूर, हानम!” उस्ताद म्हणाला.

तिने लग्नातलं तेच चौथं गाणं धरलं. ‘वाऱ्या, जा, तिच्या दारी सांग, अजून दिवा जागा आहे.’ पहिली ओळ खालच्या सुरात होती आणि ती सुंदर आली. इतकी सुंदर, की रऊफने चावणं थांबवलं. दुसरी ओळ थोडी वर गेली, तीही आली. कोणाला वाटलं असतं, हिने उगीच लपवून ठेवला एवढा आवाज! ममदूहला तसं वाटलंही. तो फोनच्या आडून विजयी मुद्रेने आईकडे पाहू लागला. मग तिसरी ओळ वरच्या सुराकडे निघाली. इन्शिराहने श्वास घेतला, खांदे हलू न देता, पोटापासून, जसा शिकवायची तसाच. तोंड पूर्ण उघडलं.

आणि हवा आली.

तिने थांबवलं नाही. पुन्हा त्याच जागी गेली. पुन्हा हवा, आणि हवेच्या तळाशी काहीतरी खरखरलं, पत्र्यावर वाळू ओढावी तसं. तिचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे भावावर, आणि सूर नाही. ती ओळ तिने शेवटपर्यंत म्हटली, सगळ्या रिकाम्या जागांसकट. मग खाली उतरून पहिल्या ओळीवर आली, तिथे आवाज पुन्हा गोड झाला, आणि ते तर ऐकवेना.

भिंतीशी नेर्मीनने स्कार्फ तोंडावर दाबला होता. गुरुवारी ती त्या पुढच्या खोलीत दाराशी बसली होती. हीच जागा तिने ऐकली होती. पोरीच्या गळ्यातली.

गाणं संपलं तेव्हा ममदूहचा फोन खाली आला होता. तो काही बोलणार, एवढ्यात उस्ताद वजीहने गुडघ्यावर थाप मारली.

“पण हे तर अफाट आहे!”

“काय?” इन्शिराहने विचारलं.

“हानम, तुमची ही गोष्ट! आवाज हरवलेली आत्या आणि तिचं स्वप्न पुरं करणारी चिमुरडी! तुम्ही आधी गायचं, हे असंच, तुटेपर्यंत. बरोब्बर तुटलात तिथून पोरीने उचलायचं. दिवे मंद. अहो, देश रडेल!”

“तिचाही आवाज गेलाय,” इन्शिराह म्हणाली. “तेच तर सांगतेय.”

“तिचाही?” उस्ताद क्षणभर थबकला, आणि मग त्याचे डोळे आणखी चमकले. “म्हणजे दोघींचा? हानम, हे तर त्याहून भारी झालं!”

आणि मग त्या घरात जे झालं, ते इन्शिराह पुढे शिकवणीच्या आयांना चहा देताना हसत सांगायची, पण त्या दिवशी तिला काही हसू आलं नाही. तासाभरापूर्वी तिला मत्सरी म्हणणारा ममदूह उठून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. “आमच्या घराण्यात आवाज पहिल्यापासूनच, उस्ताद. माझ्या बहिणीने फार सोसलं. मी साक्षीला होतो, समोरच होतो!” रऊफ म्हणाला, कॅमेऱ्यामागे घरचंच कोणी असलं तर अब्लाला संकोच वाटणार नाही, आणि हातेम मोकळाच आहे. दवलत हानमने विचारलं, त्या कार्यक्रमात आईलाही बसवतात का पहिल्या रांगेत, आणि निळा रंग पडद्यावर कसा दिसतो.

“निळा उत्तम,” उस्ताद म्हणाला.

“मग ठरलं,” ममदूह म्हणाला. “लुजैन, बेटा, उस्तादांना जरा ऐकव. दोनच ओळी. चांगल्या नाही आल्या तरी चालेल. उलट…”

“उलट बरंच,” उस्तादने पुरवणी जोडली.

लुजैनने अब्लाकडे पाहिलं. तिने श्वास घेतला. टिकल्यांचा पोशाख पोटाशी हलला. इन्शिराह पुढे सरकली, पण तिच्या खांद्यावर भावाचा हात होता, आणि तो चांगलाच जड होता.

“नाही,” कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांना आधी कळेनाच कोण ते. नेर्मीन भिंत सोडून पुढे आली आणि तिने पोरीच्या गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा, बाळाला दुपट्यात बांधावं तसा.

“डॉक्टर म्हणाले होते गाणं बंद,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. “मला सगळं आठवतंय, बाबा. मी खोटं बोलले. ते म्हणाले, गाणं बंद, ओरडणं बंद. कुजबुजणंसुद्धा बंद.”

“सूनबाई, पाहुण्यांसमोर…”

“पाहुण्यांनी दोन मासे खाल्लेत, त्यांचं पोट भरलंय. माझ्या पोरीचा घसा त्यांना बडीशेपेसारखा वर चघळायला देणार नाही मी.”

दवलत हानमला ते नेमकं ऐकू आलं. “ही पोरगी कोणाशी बोलतेय?”

“तुमच्याशीही, तेता,” नेर्मीन म्हणाली. तोवर आजेसासूपुढे तिने कधी मान वर केली नव्हती, आणि आताही भीतीने तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. “आम्हाला समुद्र नको. आम्ही मोहर्रम बेला माझ्या आईकडे चाललो. तिथून दिसतो तेवढा पुरे.”

तिथून समुद्र मुळीच दिसत नाही. पण रागात माणूस भूगोल कुठे सांभाळतो! तिने लुजैनचा हात धरला आणि ती बाहेर पडली, चप्पल घरातलीच पायात. इन्शिराहने खांद्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“इन्शिराह, तू थांब! उस्तादांचं तुझ्यावाचून…”

“आईला गायला सांग,” ती म्हणाली. “तिचा आवाज ठणठणीत आहे.”

*

उस्ताद वजीहने रागावून हातेमचं काम काही केलं नाही, असं रऊफ सांगतो. मुळात तो करणारच नव्हता, असं बाकीचे म्हणतात. ममदूह महिनाभर कोणाशी बोलला नाही. मग क्लबात त्याने गोष्ट नव्याने बांधली: पोरीचा आवाज आपल्यालाच आधी संशयास्पद वाटला, आपणच तिला तडक डॉक्टरकडे नेलं, टीव्हीवाले तर पाय धरत होते पण आपण नाही म्हणजे नाही म्हटलं. इतकं हुबेहूब सांगायचा, की एकदा नेर्मीनच्या नवऱ्याने कुवेतहून फोन करून वडिलांचे आभार मानले. नेर्मीनने त्याला काही सांगितलं नाही. तिने एवढंच कळवलं, की आपण आईकडेच राहणार आहोत आणि त्याला यायचं असेल तेव्हा त्याने तिथे यावं.

उन्हाळाभर लुजैन गप्प होती. शिकवणीला मात्र येत राहिली. खिडकीशी बसून बाकीच्यांचं ऐकायची आणि कोणी बेसूर झालं की एक भुवई वर करायची. त्या भुवईला पोरं अब्लापेक्षा जास्त भिऊ लागली. ऑक्टोबरात डॉक्टरने पुन्हा नळी घातली, पडद्यावर दाखवलं, आणि म्हणाला, “बोला आता.”

ती दवाखान्याच्या जिन्यापासून बोलायला लागली. ट्राममध्ये बोलली, तिकीट काढणाऱ्याशी बोलली, घरी पोचून आजीशी भांडली. दुसऱ्या दिवशी नेर्मीन तिला शिकवणीला सोडायला आली तेव्हा तिने कपाळाला रुमाल बांधला होता.

“सकाळी रुश्दीहून बाबांचा फोन आला होता,” ती दारातच म्हणाली. “विचारत होते, गातेय का.”

“मग?”

“म्हटलं, बोलतेय. काल दुपारपासून बोलतेय, थांबायचं नाव नाही. डोकं उठलंय माझं, आत्या.”

आतून लुजैन कोणालातरी ठणकावून सांगत होती, की खिडकीजवळची जागा तिचीच आहे. आवाज जरा जाड झाला होता, पण अखंड होता, काठोकाठ भरलेला. इन्शिराह दाराला हात टेकून ते भांडण ऐकत राहिली. मुलं वाट पाहत होती, आणि तिला आत जायची मुळीच घाई नव्हती.